स्लो कुकर झकास, पण झाकणाच्या मुठीचं काय?

मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं हे विजेचं भांडं. सहा क्वार्टचा (साधारण पावणेसहा लिटर), साध्या गोल बटणाचा. लो, हाय, वॉर्म, बस्स. अटलांटात आल्यावर सेलमध्ये घेतला. भांडं ठणठणीत आहे, पण परवा झाकणाची प्लास्टिकची मूठ तडकून हातात आली. कंपनी म्हणते, मूठ वॉरंटीत बसत नाही आणि सुटी मिळत नाही, अख्खं झाकण घ्या. त्यात शिपिंग वेगळं! आपल्याकडे कुकरची शिट्टी, रिंग, दांडा, सगळं भांड्यांच्या दुकानात सुटं मिळतं. शेवटी वाइनच्या बाटलीचं बूच स्क्रूने बसवलं. फुकटात काम झालं, वर ते तापतही नाही. इतकं साधं त्यांच्या इंजिनियरला सुचू नये?

आधी दोनच स्टार देणार होतो. वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे आपला रस्सा यात पाणचटच होतो. मत बदललं ते कोलार्ड आणि स्मोक्ड सॉसेजमुळे. कोलार्ड म्हणजे काश्मिरी लोकांचा हाक, कोबीच्या कुळातला जाड पाला. देठ काढायचे, पानं गुंडाळून चिरायची आणि काठापर्यंत दाबून भरायची. तासाभरात खाली बसतात. सॉसेजच्या चकत्या आधी तव्यावर लालसर परतायच्याच. हा आळस केलात तर चव विसरा. तव्याला धरलेली खरवडही थोड्या पाण्यात सोडवून आत ओतायची. कांदा, भरपूर लसूण, सुकी मिरची, दोन कप स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून गाळलेलं पाणी). लोवर सहा ते आठ तास. मीठ शेवटी चाखून, कारण सॉसेज मुळात खारट. उतरवताना चमचाभर व्हिनेगर. मध्ये झाकण उघडू नका, एका डोकावण्याला वीसेक मिनिटं जास्त लागतात.

डब्यातले पांढरे बीन्स शेवटच्या तासाला चालतात. कच्चा राजमा मात्र भिजवून, किमान 10 मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय यात टाकू नका. लोवर त्यातलं विष मरत नाही, पोट धरून बसाल. पालक घालायचा तर अगदी शेवटी, नाहीतर नुसता लगदा.

खाली उरतो तो रस, इकडचे लोक त्याला पॉट लिकर म्हणतात आणि त्यात कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा ब्रेड, बुडवतात. मी ज्वारीची भाकरी कुस्करतो. कॉर्नब्रेड गोडसर लागतो, भाकरीच बरी. या रसासाठी चार स्टार. पाचवा मुठीने खाल्ला.

भारतात न्यायचा विचार असेल तर राहू द्या. हा 120 व्होल्टचा आहे, तिकडच्या 230 वर थेट लावलात तर जळेल. सासूबाईंना दुसरं काहीतरी न्या.