परसातली भाजी आणि बिडाची कढई: परतायला फर्मास, रश्शाला बेताची

कढई बिडाची, २६ सेंटीमीटर व्यासाची, दोन्हीकडे कान, तळ सपाट. इंडक्शनवरही चालते. आत तेलाचा थर भाजून बसवलेला असतो, त्यामुळे धुऊन लगेच वापरता येते.

घरच्या बागेतली भाजी एका मापाची कधीच निघत नाही. भेंड्या चार, त्यातली एक जून. वांगी दोन, दुधीचं एक पोर, मूठभर घेवडा आणि टोमॅटो मात्र ढीगभर. या सगळ्यांचा मिळून एक रस्सा करायचा, तर प्रत्येकीला आधी वेगळं परतून घ्यावं लागतं, आणि तिथे ही कढई बाजी मारते. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की भाजी पडल्यावर लगेच थंडावत नाही. पातळ स्टीलच्या कढईत वांग्याच्या फोडी टाकल्या की आच कमी पडते, भाजी पाणी सोडते आणि परतायच्या ऐवजी उकडते. हिच्यात मंद आचेवर पाच-सात मिनिटं रिकामी कढई तापवायची, मग तेल घालायचं. कोरडी पुसलेली भेंडी, झाकण न ठेवता, थोडी थोडी टाकली की कडा खरपूस होतात आणि तार फारशी सुटत नाही. घेवडा सकाळी तोडलेला कोवळा असेल तर शेवटी घालावा, नाहीतर त्याचा लगदा होतो.

रश्शाचं मात्र तसं नाही. सोबतच्या कागदावर ‘सर्व पदार्थांसाठी योग्य’ छापलंय, ते मला मान्य नाही. टोमॅटोची आंबट ग्रेव्ही यात अर्धा तास रटरटली की तेलाचा थर झिजतो, रश्शाला लोखंडाची चव येते. वांगं असेल तर रंगही काळपट होतो, कारण वांग्यातल्या तुरट द्रव्यांशी लोह जुळतं. घरच्या टोमॅटोंचा ढीग संपवायला म्हणूनच ही घेतली असेल, तर निराशा होईल. मी परतणं हिच्यात करते आणि रस्सा स्टीलच्या पातेल्यात. अगदी एकाच भांड्यात उरकायचं असेल तर बटाटा आणि दुधी आधी मऊ होऊ द्या, टोमॅटो शेवटच्या दहा मिनिटांत घाला. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही, म्हणून तसंही हेच सोयीचं. झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. उरलेला रस्सा कढईत रात्रभर नको.

‘जेवणातून लोह मिळतं’ हा दावाही कागदावर आहे. तो खोटा नाही. आंबट, पातळ आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थात जास्त उतरतं. पण ज्या रश्शात ते उतरतं, तोच चवीला बिघडतो, हे तिथे कोण लिहिणार! रक्तात लोह कमी असेल तर डॉक्टरांना विचारावं, कढईवर विसंबू नये.

कढईशी संबंध नाही, तरी सांगते: घरच्या वेलाचा दुधी चिरल्यावर कच्चा कण जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंकून चूळ भरा आणि अख्खा दुधी टाकून द्या. शिजवून तो कडवटपणा जात नाही आणि पोटाला तो घातक ठरू शकतो. आपोआप उगवलेल्या वेलाच्या बाबतीत तर हे चुकवूच नका.

धुणं सोपं आहे. गरम पाणी, मऊ घासणी, थोडा साबण चालतो. लगेच पुसून गॅसवर कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवायचा. भिजत ठेवली की गंज आलाच. वजन मात्र चांगलंच आहे. मनगट दुखणाऱ्यांनी भरलेली कढई उचलायच्या फंदात पडू नये, आणि कानही तापतात, फडकं लागतंच.

कोरड्या, परतलेल्या भाज्या रोज करणाऱ्यांना पाचपैकी साडेचार. रस्साच जास्त होणाऱ्या घराला तीन. त्यांनी आतून एनॅमल लावलेलं बीड बघावं. आंबटाने त्याचं काही बिघडत नाही, फक्त ते रिकामं तापवायचं नाही आणि उलथणं लाकडाचं वापरायचं.