फ्लॅट विकायचाय: स्वतः विकावा की एजंटकडे द्यावा?

रीसेलचा फ्लॅट विकायला काढला की पहिला हिशोब ब्रोकरेजचा होतो. पुण्यात कोथरूडच्या जुन्या सोसायटीतला टू बीएचके घ्या, किंमत धरा 90 लाख. एजंट साधारण एक ते दोन टक्के मागतो आणि बहुतेक वेळा घेणाऱ्याकडूनही तेवढेच घेतो. एक टक्का धरला तरी 90 हजार झाले. त्याची जीएसटी नोंदणी असेल तर वर 18 टक्के, म्हणजे आणखी 16,200. एवढे पैसे कशाचे, हे विचारायलाच हवं.

माझ्या मते हे पैसे गिऱ्हाईक आणण्याचे. साठेखत, खरेदीखत, सर्च रिपोर्ट (मालकी हक्काची तपासणी) यांना वकील दोन्ही वाटांनी लागतो आणि त्याची फी वेगळीच द्यावी लागते. सोसायटीचं सगळं मी बघतो, असं एजंट सांगतो, पण तिथेही बघण्यासारखं फार नसतं. महापालिका हद्दीत हस्तांतराचं प्रीमियम 25 हजारांच्या वर सोसायटीला घेता येत नाही, बाकी ठरलेले फॉर्म असतात. तेव्हा प्रश्न दोनच उरतात: गिऱ्हाईक तुम्हाला स्वतः मिळेल का, आणि भावाची घासाघीस तुम्हाला झेपेल का?

स्वतः जाहिरात टाकलीत की सुरुवातीचे बरेच फोन एजंटांचेच येतात. ‘सर, पार्टी तयार आहे, तुमचा फक्त एक टक्का.’ त्यांना नाही म्हणण्यात आठवडा जातो. मग रविवारी नुसते बघे येतात, कर्ज किती मिळेल याची बँकेत चौकशीही न केलेले. दर वेळी चावी घेऊन कुणीतरी हजर लागतं. नोकरी हिंजवडीत आणि रिकामा फ्लॅट कोथरूडला असेल तर हे लवकर नकोसं होतं.

पण खरा घेणारा आला की मालकाचं पारडं जड होतं. तो विचारतो: कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, किती? पार्किंगचं अलॉटमेंट लेटर आहे का? कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर, झालंय का? आणि कोथरूडमध्ये हमखास, रीडेव्हलपमेंटचं काय? यावर एजंट ‘होणारच आहे, लवकरच’ म्हणून मोकळा होतो. सोसायटीच्या सभेला बसणाऱ्या मालकाला बिल्डरची ऑफर आली का, कोण अडून बसलंय, सगळं माहीत असतं. जुन्या इमारतीत भाव बराचसा याच उत्तरावर ठरतो.

घासाघिशीत मात्र बरेच मालक कच्चे पडतात. घेणाराही ब्रोकरेजचा हिशोब करूनच आलेला असतो: ‘मध्ये एजंट नाही ना, मग दोन लाख सोडा.’ म्हणजे वाचवलेल्या पैशांवर दोघांचाही डोळा. शेवटच्या बैठकीत समोरच्याच्या तोंडावर गप्प बसणं जमत नसेल, तर वाचलेलं ब्रोकरेज तिथेच जातं. भावाची माहिती तेवढी एजंटची मक्तेदारी नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये शेजारच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे सारांश, फुकट पाहता येतात, कितीला झाले ते कळतं.

एजंटाचंही गणित मांडून बघा. 90 चा सौदा 86 ला बसला तर तुमचे चार लाख गेले, त्याचे एक टक्क्याने चार हजार. ‘काका, देऊन टाका, असं गिऱ्हाईक परत नाही मिळणार’ हा सल्ला ऐकताना एवढं डोक्यात असू द्या. तो लबाडच असतो असं नाही. त्याला व्यवहार लवकर बसायला हवा आणि तुम्हाला भाव हवा, एवढंच.

एकच फ्लॅट पाच एजंटांकडे देण्याची आपल्याकडची सवय मला तोट्याची वाटते. पोर्टलवर तोच फ्लॅट कुणी 92 ला टाकतो, कुणी 88 ला, आणि घेणारा अर्थातच 88 पासून बोलायला लागतो. द्यायचा तर एकालाच, दोन-तीन महिन्यांपुरता, लेखी. महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक जरूर विचारा, 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लागू झाली आहे. पण जुनी इमारत महारेराच्या नोंदणीत नसते, तेव्हा नुसत्या त्या क्रमांकावर विसंबू नका.

परदेशात राहणाऱ्यांना एजंट किंवा कुलमुखत्यारपत्र दिलेलं घरचं माणूस, यावाचून गत्यंतर नाही. त्यांनी सीए मात्र आधी गाठावा. विकणारा भारतातला रहिवासी असेल तर 50 लाख आणि त्यावरच्या व्यवहारात घेणारा एक टक्का टीडीएस कापतो. अनिवासी असेल तर कपात कितीतरी जास्त होते आणि ती कमी करून घ्यायचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच काढावं लागतं. त्यांनाही ‘एक टक्काच’ असं बिनधास्त सांगणारे एजंट आहेत.

शहरातच राहत असाल तर मी आधी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकेन. भावाला किंवा मुलीला त्याच आवारात घर हवं असलेला कुणीतरी बऱ्याचदा निघतो. महिना-दीड महिन्यात काही हललं नाही तर एक एजंट. ब्रोकरेज टोकनच्या दिवशी नाही, रजिस्ट्रेशन झाल्यावर, आणि गिऱ्हाईक तुम्हीच आणलंत तर काहीच द्यायचं नाही, हेही त्याच कागदावर. टोकन कुणाच्याही मार्फत येवो, चेकने किंवा बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्याला चालत नाही.