डिसेंबरात भारतवारी: घरातली हीट चालू ठेवायची की पाइप कोरडे करायचे?

शिकागो, मिनिआपोलिस, डेट्रॉइट, टोरोंटो भागातली बरीच मराठी घरं ऐन कडाक्याच्या थंडीत तीन-चार आठवडे कुलूपबंद असतात. तेव्हा खरी भीती पाइप फुटण्याची. पाण्याचा बर्फ झाला की आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पण पाइप बहुतेकदा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचं बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि तिथे तो फाटतो. बर्फ वितळला की पाणी वाहू लागतं, आणि मेन व्हॉल्व्ह (घरात येणारं पाणी बंद करायची मुख्य चावी) उघडा असेल तर ते कोणी येईपर्यंत वाहतच राहतं.

पर्याय तीन. पहिला, हीट ५५ फॅरनहाइटवर (सुमारे १३ सेल्सिअस) ठेवून बाकी सगळं जसंच्या तसं सोडणं. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त जण करतात तो. दुसरा, हीट ५५ वरच, पण मेन व्हॉल्व्ह बंद. तिसरा, हीट बंद आणि घरातलं पाणी पूर्ण काढून टाकणं.

पहिल्याचा भरवसा पूर्णपणे फर्नेसवर, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्रावर. नव्या हाय-एफिशियन्सी फर्नेसचे हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर येतात. त्यांच्या तोंडाशी बर्फाचा ढीग साचला की प्रेशर स्विच फर्नेस बंद करतो. वीज गेली तरी तेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात वीज गेली आणि असंख्य घरांत पाइप फुटले. तिथे तर थंडीची सवयही नाही. वाय-फाय थर्मोस्टॅटवरही फार विसंबू नये. वीज गेली की राउटरही जातो आणि पुण्यात बसलेल्या तुमच्या फोनवर इशारा येतच नाही. थर्मोस्टॅट ऑफलाइन दिसला, तर तोच इशारा समजून शेजाऱ्यांना किल्ली घेऊन पाठवा.

दुसरा पर्याय बहुतेकांनी घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. खर्च शून्य, काम वीस मिनिटांचं. मेन बंद करा, सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या मजल्यावरचा एकेक नळ उघडून दाब घालवा आणि उघडेच ठेवा, कमोड एकदा फ्लश करा. गॅसचा वॉटर हीटर ‘व्हेकेशन’वर टाका; विजेचा असेल तर ब्रेकर बंद. फर्नेसला जोडलेला ह्युमिडिफायर आणि फ्रिजचा आइस मेकर बंद करा. किचन सिंक बाहेरच्या भिंतीला असेल तर खालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा. थर्मोस्टॅट पॅसेजमध्ये ५५ दाखवत असतो तेव्हा भिंतीच्या पोकळीत, किंवा गॅरेजवरच्या खोलीखालून जाणाऱ्या पाइपाशी, तापमान बरंच खाली असू शकतं. म्हणून ४५ वर ठेवण्याचा मोह नको. मिनेसोटात ६० बरं. बचत तशीही होते: बाहेर २० असताना ७० वरून ५५ वर आणलं, तर आत-बाहेरचा फरक ५० चा ३५ होतो, म्हणजे उष्णतेची गळती सुमारे ३० टक्के कमी.

एक अडचण मात्र खरी आहे. घर बॉयलर आणि रेडिएटरवर असेल, तर त्याच्या सर्किटला पाणी लागतं. मेन बंद असताना कुठे थोडी गळती झाली, तर पाणी कमी पडून बॉयलर थांबू शकतो. अशा घरी आधी प्लंबरला विचारा आणि कोणीतरी येऊन बघेल अशी सोय करा.

तिसरा पर्याय तीन-चार महिन्यांसाठी, किंवा रिकाम्या घरासाठी. वॉटर हीटर आधी बंद, मग मेन, मग सगळे नळ उघडे. हीटरला होज लावून टाकी रिकामी करायची. ४०-५० गॅलनला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तळाच्या गाळाने व्हॉल्व्ह तुंबतोही. नुसतं पाणी सोडून भागत नाही, कारण आडव्या पाइपांच्या झोळात आणि शॉवरच्या मिक्सरमध्ये ते राहतं. कंप्रेसरने ४०-५० पीएसआयच्या हवेने ते फुंकून काढावं लागतं. वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरही विसरायचे नाहीत. प्रत्येक सिंकच्या ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या पाइपात, जिथे पाणी साचून राहतं) एक-दोन कप गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ (पाइपांसाठीचं, न गोठणारं द्रव), कमोडमध्ये त्याहून जास्त. दोन-तीन गॅलन आणून ठेवा आणि पाणी मिसळू नका. गाडीचं अँटीफ्रीझ विषारी असतं, ते अजिबात नाही. शिवाय गारठ्याने लाकडी फ्लोअरिंग आणि ड्रायवॉलला भेगा पडतात, तुळशीची कुंडी कोणाकडे तरी द्यावी लागते, आणि देवघरातली गंगाजलाची काचेची बाटलीही फुटते. तीन आठवड्यांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही.

इन्शुरन्सचा कागद मात्र निघण्याआधी वाचा. अमेरिकेतल्या बहुतेक पॉलिसींत गोठून झालेलं नुकसान तेव्हाच भरून मिळतं, जेव्हा हीट चालू ठेवण्याची योग्य काळजी घेतलेली असते, किंवा पाणी बंद करून काढून टाकलेलं असतं. कॅनडात अनेक पॉलिसींत चार दिवसांहून जास्त गैरहजेरी असेल तर रोज कोणीतरी घर बघणं, किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे करणं अशी अट असते. तिथे निव्वळ मेन बंद करून भागेल का, ते एजंटकडून लेखी घ्या.

पर्याय कोणताही घ्या, बागेचा होज नळावरून काढा. फ्रॉस्ट-फ्री (थंडीत गोठू नये म्हणून बनवलेला) नळसुद्धा होज लावलेला राहिला की आत पाणी अडकून भिंतीमागे फुटतो.

परतल्यावर मेन हळूहळू उघडा, एकेका नळातून हवा जाऊ द्या, नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढून गाळ वाहू द्या. टाकी रिकामी केली असेल, तर गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत विजेच्या हीटरचा ब्रेकर लावू नका. पाण्याबाहेर राहिलेला एलिमेंट (हीटरमधली तापणारी कांडी) काही सेकंदांत जळतो.