चार्जर कंपनीचा, वाहनतळ आपला : एका चार्जिंग सेवेचे परीक्षण

विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढल्या तशी त्यांच्या चार्जिंगची सोय लावून देणे हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला आहे. त्यातल्या ज्या प्रकाराविषयी येथे लिहीत आहे, त्यात ग्राहकाला चार्जर विकत घ्यावा लागत नाही. कंपनी स्वतःच्या खर्चाने चार्जर आणून बसवते, केबल टाकते, सॉफ्टवेअर चालवते, वापरकर्त्यांची बिले काढते आणि बिघाड झाला तर दुरुस्ती करते. या सगळ्याच्या बदल्यात ती दरमहा ठरावीक शुल्क घेते, किंवा खपलेल्या प्रत्येक युनिटमागे आपला वाटा ठेवते, किंवा दोन्ही करते. आमच्या गृहसंकुलाने अशीच सेवा घेतलेली आहे आणि पहिल्या कराराची मुदत संपत आल्यामुळे तो वाढवावा की नाही, यावर व्यवस्थापन समितीत बराच खल झाला. त्या चर्चेत भाग घेतलेला सभासद आणि रोजचा वापरकर्ता या नात्याने हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण तिचे गुण आणि दोष दोन्ही या धंद्यातल्या सर्वसाधारण रीतीला धरूनच आहेत.

आधी गुणांविषयी. ही सेवा येण्यापूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेणारा प्रत्येक जण आपापल्या मीटरपासून वाहनतळापर्यंत स्वतंत्र वायर ओढत होता. पहिल्या चार-पाच गाड्यांपर्यंत हे खपून गेले. पण ७.४ किलोवॉटचा साधा चार्जर २३० व्होल्टवर ३२ अँपिअर प्रवाह ओढतो, आणि तोही सलग कित्येक तास. असे २० चार्जर रात्री एकाच वेळी सुरू झाले तर १४८ किलोवॉट भार लागतो, आणि बहुतेक इमारतींच्या मंजूर भारात एवढी जागा नसते. भार वाढवून घ्यायचा तर मुख्य केबलपासून, प्रसंगी ट्रान्सफॉर्मरपासून बदल करावे लागतात, आणि ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडीच नाही त्यांनी त्या खर्चात वाटा का उचलावा, असा वाद उभा राहतो.

कंपनीचे सर्वांत चांगले काम या टप्प्यावर झाले. तिच्या अभियंत्याने मुख्य पुरवठ्याच्या तिन्ही फेजवर मोजणी यंत्र लावून आठवडाभराची नोंद घेतली आणि रात्री उशिरा इमारतीचा वापर किती उतरतो ते आलेखावर दाखवले. पुढचा हिशेब सोपा होता. समजा, रात्री ६० किलोवॉट भार मोकळा राहतो. तेवढ्यातून आठ तासांत ४८० युनिट मिळू शकतात. दिवसाला चाळीसेक किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला साधारण ६ ते ७ युनिट लागतात, म्हणजे २० मोटारींची रोजची गरज दीडशे युनिटच्या आत भागते. तेव्हा भार वाढवण्यापेक्षा आहे तो भार वाटून देणारी यंत्रणा बसवणे शहाणपणाचे होते, आणि कंपनीने तोच सल्ला दिला. ही यंत्रणा मुख्य पुरवठ्यावर सतत नजर ठेवते; लिफ्ट आणि पाण्याचे पंप चालू झाले की सगळ्या चार्जरचा प्रवाह थोडा खाली आणते आणि ते थांबले की पुन्हा वर नेते. प्रवाह ६ अँपिअरच्या खाली नेता येत नाही, त्यामुळे फार गाड्या एकदम लागल्या तर काहींना थांबवून आळीपाळीने वीज द्यावी लागते, आणि तेही माणसाने लक्ष न घालता होते. सकाळी गाडी भरलेली असते. मधल्या वेळात ती थांबली होती की नाही, याच्याशी कोणाला देणेघेणे नसते.

याच कंपनीच्या विक्री विभागाने मात्र २२ किलोवॉटचे चार्जर गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला होता, हेही नमूद केले पाहिजे. एसी चार्जिंगमध्ये, म्हणजे घरात येते तशाच एसी विजेवर होणाऱ्या चार्जिंगमध्ये, त्या विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर गाडीच्या आत बसवलेल्या चार्जरमध्ये होते. तो ७.४ किलोवॉट घेणारा असेल तर भिंतीवर २२ किलोवॉटचे यंत्र टांगून गाडी एका मिनिटानेही लवकर भरत नाही. वाढते ते फक्त मासिक शुल्क. ज्यांना रात्रभर गाडी उभी करायची आहे त्यांनी मोठ्या आकड्याला भुलू नये.

रोजच्या वापरातली पहिली अडचण तळघरात आली. चार्जर आपल्या आतल्या सिमकार्डावरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, आणि ॲपवरून चार्जिंग सुरू करायचे तर वापरकर्त्याचा फोनही त्याच वेळी नेटवर्कमध्ये असावा लागतो. आमच्या तळघरात नेटवर्क जेमतेम. त्यामुळे सुरुवातीच्या काळात माणसे गन, म्हणजे चार्जरच्या केबलचे गाडीत खोचायचे टोक, जोडून, फोन हातात उंच धरून उतारावरून वर जात, पडद्यावरचे चक्र फिरायचे थांबले की खाली येत, आणि खाली येईपर्यंत वेळ संपून चार्जरने ती विनंती रद्द केलेली असे. पुढे कंपनीने तारेने जोडलेला राउटर बसवला आणि सर्वांना आरएफआयडी कार्डे, म्हणजे नुसती टेकवताच ओळख पटवणारी कार्डे, दिली. अधिकृत कार्डांची यादी चार्जरच्याच स्मृतीत साठवलेली असल्यामुळे आता सर्व्हरशी संपर्क तुटला तरी कार्ड टेकवून काम होते. उपाय उत्तम आहे. तो पहिल्या पाहणीतच सुचायला हवा होता, कारण तळघर काही नंतर बांधलेले नव्हते.

आता या सेवेच्या मर्माकडे येतो. चार्जर विकत घेण्यापेक्षा ही सेवा एकूण महाग पडते, हे कोणीही कागदावर मांडून पाहू शकतो. तरीही ती घेण्याचे कारण एकच असते : बिघाड झाला की धावाधाव दुसऱ्याने करायची. म्हणून करारातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य दराचे नसून चार्जर ‘चालू’ कधी मानायचा याच्या व्याख्येचे असते. आमच्या करारात ९८ टक्के वेळ चार्जर चालू ठेवण्याची हमी होती आणि ती वाचून समिती समाधानी होती. या हमीची मोजणी मात्र चार्जर सर्व्हरला ठरावीक अंतराने जो ‘मी जागा आहे’ असा संदेश पाठवतो त्यावरून होत होती. यंत्राला वीज आहे आणि इंटरनेट आहे, एवढेच त्यावरून कळते. गाडीत वीज जाते की नाही, हे त्यावरून कळतेच असे नाही.

याचा अनुभव एका विशिष्ट चार्जरने दिला. त्याच्या गनमधली एक पिन काळवंडली होती. गाडी लावली की चार्जिंग सुरू होई, पिन तापे आणि थोड्याच वेळात प्रवाह बंद पडे. पहाटे खाली उतरावे तर गाडी होती तेवढीच भरलेली. कंपनीच्या संगणकावर तो चार्जर मात्र ठळक हिरव्या रंगात ‘उपलब्ध’ दिसत होता, आणि तक्रार केली की ग्राहक सेवेतील कर्मचारी दुरूनच यंत्र बंद करून पुन्हा सुरू करत व तक्रार निकाली निघाल्याचा संदेश पाठवत. अखेर एका सभासदाने पिनेचा जवळून घेतलेला फोटो पाठवला तेव्हा तंत्रज्ञ आला, त्याने गन उलटी धरून टॉर्च मारला, मान हलवली आणि केबलसकट गन बदलून दिली. काम अर्ध्या तासाचे होते. त्या महिन्याच्या अहवालात हा चार्जर ९९ टक्क्यांहून अधिक वेळ चालू दाखवला गेला, त्यामुळे करारातील दंडाचे कलम लागू झालेच नाही.

हा दोष एकट्या आमच्या कंपनीचा नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील सार्वजनिक वेगवान चार्जरची २०२२ साली प्रत्यक्ष जाऊन तपासणी झाली, तेव्हा ६५७ जोडण्यांपैकी ७२.५ टक्केच काम करताना आढळल्या. उरलेल्यांत कुठे पडदा मुका होता, कुठे पैसे स्वीकारले जात नव्हते, तर काही ठिकाणी केबलच गाडीपर्यंत पोहोचत नव्हती. सरकारांनीही या बाबतीत आकडे घालून दिले आहेत. अमेरिकेच्या संघीय निधीतून उभ्या राहणाऱ्या चार्जरना वर्षात ९७ टक्के वेळ चालू राहण्याची अट आहे, तर ब्रिटनने २०२३ च्या नियमांत वेगवान चार्जरच्या जाळ्यासाठी सरासरी ९९ टक्क्यांची अट घातली. हे आकडे ऐकायला भरभक्कम वाटतात, पण ९७ टक्के म्हणजे वर्षातले जवळपास अकरा दिवस बंद, आणि ९९ टक्के म्हणजे साडेतीन दिवसांहून थोडे अधिक. त्यातून वीज खंडित होणे किंवा तोडफोड यांसारखी कारणे मोजणीतून वगळण्याची मुभा असते. ग्राहकाच्या दृष्टीने विचारण्याजोगा आकडा वेगळाच आहे : गन जोडल्यावर पहिल्याच प्रयत्नात किती वेळा चार्जिंग सुरू झाले आणि शेवटपर्यंत टिकले? ही माहिती प्रत्येक कंपनीच्या सर्व्हरवर असते. करारात लिहून दिल्याशिवाय ती कोणी स्वतःहून दाखवत नाही.

बिलांच्या बाबतीत तक्रारीला फारशी जागा नाही. प्रत्येक वापराची नोंद युनिटनुसार मिळते, वेळेनुसार आकारणी होत नाही आणि ते योग्यच आहे, कारण भार वाटपामुळे वेग कमी झाला तर त्याचा भुर्दंड ग्राहकावर पडता कामा नये. काही सभासदांना चार्जरने मोजलेले युनिट आणि गाडीच्या पडद्यावर दिसणारे युनिट यांत फरक दिसल्यामुळे फसवणुकीची शंका आली होती. एसी चार्जिंगमध्ये रूपांतर होताना सुमारे दहा टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि बिल चार्जरपर्यंत आलेल्या विजेचे होते, हे कंपनीने पहिल्याच दिवशी सांगितले असते तर हा गैरसमज झाला नसता. चार्जिंग संपल्यावरही गन अडवून ठेवणाऱ्यांवरचे जादा शुल्क रात्री लावू नये, ही आमची विनंती मात्र तिने लगेच मान्य केली.

करार वाढवताना सर्वाधिक वाद झाला तो मालकीवर. चार्जर कंपनीचे, सिमकार्ड कंपनीचे, सॉफ्टवेअर कंपनीचे. उद्या तिने धंदा गुंडाळला तर भिंतीवर काय उरते? ही भीती काल्पनिक नाही. २००७ साली सुरू झालेल्या बेटर प्लेस या कंपनीने बॅटरी स्वतःच्या मालकीची ठेवून ग्राहकाकडून किलोमीटरच्या हिशेबाने पैसे घेण्याची योजना इस्रायल आणि डेन्मार्कमध्ये राबवली, सुमारे ८५ कोटी डॉलरचे भांडवल उभे केले, आणि मे २०१३ मध्ये तिचे दिवाळे निघाले. अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, एनेल एक्स वे या कंपनीने उत्तर अमेरिकेतील कारभार बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सॉफ्टवेअरचा आधार सुटल्यास व्यावसायिक ठिकाणचे चार्जर चालणार नाहीत, असेही ग्राहकांना कळवले गेले. यंत्रात कोणताही बिघाड नसताना ते निकामी होऊ शकते, ही या व्यवसायाची खास अडचण आहे.

यावरचा उपाय ओसीपीपी या खुल्या प्रणालीत आहे. चार्जर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे, हे ठरवणारी ही प्रणाली २००९ साली नेदरलँड्समध्ये आकाराला येऊ लागली, तिची १.६ ही आवृत्ती २०१५ मध्ये आणि २.०.१ ही २०२० मध्ये आली. ती पाळणारा चार्जर तत्त्वतः एका कंपनीच्या सर्व्हरवरून काढून दुसरीच्या सर्व्हरवर नेता येतो. व्यवहारात त्यात एक मेख असते. सर्व्हरचा पत्ता बदलण्यासाठी चार्जरच्या आतल्या मांडणीत शिरावे लागते, आणि त्याचा पासवर्ड कंपनीकडे असतो. त्यामुळे माहितीपत्रकावर ओसीपीपीचे नाव आहे का, हे पाहून भागत नाही. करार संपताच पासवर्ड ग्राहकाच्या हाती देण्याचे कलम आहे का, हे पाहावे लागते. आमच्या पहिल्या करारात ते नव्हते.

ही सेवा सर्वांना सारखीच उपयोगाची नाही. स्वतःचे घर आणि स्वतःचा मीटर असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये. एक चांगला चार्जर आणि भरवशाचा इलेक्ट्रिशियन त्याला पुरेसा आहे. याउलट बस किंवा मालवाहू गाड्यांचा ताफा चालवणाऱ्यांना ती खरोखर लाभते, कारण तेथे सगळ्या गाड्या ठरलेल्या वेळी निघाव्याच लागतात आणि वीज कंपनीची आकारणी वापरलेल्या युनिटबरोबरच महिन्यातल्या सर्वोच्च मागणीवरही होत असते. पाळी लावून ती मागणी दाबून ठेवण्यातच मोठी बचत असते. अशा ताफ्यांना ही सेवा देणारी अँप्ली पॉवर ही कंपनी २०२१ च्या अखेरीस बीपी या तेल कंपनीने विकत घेतली, यावरून तेल कंपन्यांचेही या धंद्याकडे लक्ष आहे हे दिसते. गृहसंकुले आणि कार्यालये या दोन टोकांच्या मध्ये येतात. इलेक्ट्रिक गाड्या मोजक्याच असतील तर थांबावे. मंजूर भार कमी पडू लागला की सेवा घेण्याचा विचार करावा.

आमच्या समितीने करार वाढवला आहे, पण पूर्वीपेक्षा कमी मुदतीसाठी आणि तीन अटी घालून : हमीची मोजणी यशस्वी चार्जिंगवरून व्हावी, दुरून यंत्र बंद-चालू करूनही तीच तक्रार पुन्हा आली तर तंत्रज्ञाने दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष यावे, आणि मुदत संपताना चार्जर घटलेल्या किमतीत पासवर्डसह आम्हाला मिळावेत. शेवटच्या दोन अटी कंपनीने किरकोळ बदल करून स्वीकारल्या. पहिलीवर तिचे म्हणणे असे की गाडीतल्याच दोषामुळे चार्जिंग तुटले तर त्याची जबाबदारी ती घेऊ शकत नाही. हे म्हणणे रास्त आहे. म्हणून एकच गाडी वेगवेगळ्या चार्जरवर तुटत असेल तर दोष गाडीचा आणि वेगवेगळ्या गाड्या एकाच चार्जरवर तुटत असतील तर दोष चार्जरचा मानावा, असा मसुदा सध्या दोन्ही बाजूंच्या वकिलांकडे आहे.