युद्धाकडे बघण्याची जवानाची नजर बदलते ती कथा: आठवणीतून सांगावी की पत्रांतून?

दिवाळी अंकासाठी जवानाची कथा लिहायला घेतली की पहिला पेच निवेदनाचा पडतो. आपल्याकडे हा विषय तसा दूरचा नाही. नाशिक रोड कॅम्पात तोफखान्याचे रंगरूट घडतात, देवळाली-भगूरच्या घरांना सरावाच्या तोफांचे आवाज सवयीचे असतात. म्हणून एक ठरावीक जवान समोर धरू: निफाडकडचा, द्राक्षबागेच्या घरातला, 1971 साली पश्चिम आघाडीवर तोफेवर असलेला. सुरुवातीला त्याला लढाईची ओढ आहे, शेवटी नाही. हा बदल म्हाताऱ्या जवानाच्या आठवणीतून सांगता येतो, नाहीतर त्याने तेव्हाच घरी लिहिलेल्या पत्रांतून. (तृतीयपुरुषी निवेदन हा वेगळा विषय, तो इथे सोडतो.)

आठवणीचे फायदे खरे आहेत. दीड हजार शब्दांत काम होतं, काळात मागेपुढे जाता येतं, संवाद घालता येतात. कथाकथनासाठी लिहीत असाल तर हाच प्रकार घ्यावा, कारण ऐकणाऱ्याला तारखांचा माग ठेवणं जड जातं.

माझ्या मते मात्र यात एक अडचण आहे, आणि माझा कल तिनेच ठरवला. आठवण सांगणारा माणूस पहिल्या वाक्याआधीच बदललेला असतो. ‘तेव्हा मला वाटायचं, लढाई म्हणजे मर्दुमकी’ असं त्याने म्हटलं की पुढे काय होणार हे वाचकाला कळून चुकतं. सुरुवातीची उमेद खोटी वाटते, कारण ती सांगणाऱ्याचा तिच्यावर आता विश्वास नाही. ‘तेव्हा’, ‘नंतर कळलं’, ‘त्या वयात’ हे शब्द पहिल्या पानावर जागोजागी उगवतात, आणि कितीही काढले तरी सूर तोच राहतो.

पत्रात हे होत नाही. डिसेंबरातल्या पत्रात डिसेंबरातलंच शहाणपण असतं:

‘ती. दादा यांना शिरसाष्टांग नमस्कार. आमच्या तोफेनं रात्रभर राउंड टाकले, साहेबांनी पाठ थोपटली. आईला सांगा, आपल्याकडच्या आवाजाच्या दसपट आवाज आहे.’

आणि फेब्रुवारीतलं:

‘आम्ही पुढच्या गावात आहोत. गाव रिकामं आहे. एका घराची मागची भिंत गेलीय, चूल सारवलेली तशीच आहे. माल काढायला सुरुवात झाली का? भाव कळवा.’

दुसऱ्या पत्रात राउंडचं नाव नाही, पाठ थोपटल्याचं नाही. जे लिहायचं थांबलं, त्यातच बदल दिसतो. तोफेवरच्या माणसाला हे फार चपखल बसतं. गोळा कुठे पडतो ते त्याला दिसत नाही. पुढच्या निरीक्षण चौकीवरून आकडे येतात, तो तोफ लावतो, डागतो. आपण काय केलं हे त्याला पुढे सरकल्यावरच कळतं. म्हणून त्याचं मन रणधुमाळीत पालटवू नका, उशिरा पालटवा. इतिहासही सोयीचा आहे: पश्चिमेकडची लढाई 3 डिसेंबरला सुरू झाली आणि 17 डिसेंबरला थांबली, पण पाकिस्तानी पंजाबातल्या शकरगडकडचा जिंकलेला मुलूख आपल्या सैन्याकडे जवळजवळ वर्षभर होता. लढाईच्या दोन आठवड्यांत एखादंच पत्र ठेवा आणि तेही तुटक. खरी पत्रं आधीच्या वाट पाहण्यातली आणि नंतरच्या मुक्कामातली.

पत्ररूपाचा त्रासही सांगायला हवा. फौजी पत्रावर सेन्सॉरची नजर असते, म्हणून गावाचं नाव, पलटणीची हालचाल, तोफांची संख्या यातलं काही येता कामा नये. वर पत्ता 56 ए.पी.ओ. (लष्करी टपाल कार्यालय) एवढाच. नवखे लेखक इथे हमखास घसरतात. दुसरी घसरण म्हणजे दादाला माहीत असलेलं दादालाच समजावणं: ‘आपल्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून बाग लावली’ असं कुणी भावाला लिहीत नाही. त्याऐवजी ‘सोसायटीचा हप्ता गेला का?’ एवढं पुरतं. तिसरी गोष्ट, पत्र लिहिणारा घरच्यांना जपतो. आईला तो खरं लिहिणार नाही. म्हणून वाचणारे दोन ठेवावेत, एक दादा आणि एक दुसऱ्या तुकडीतला मित्र, आणि निदान एकदा दोघांना एकाच दिवशी लिहायला लावावं. दोन पत्रांतला फरक वाचक आपसूक टिपतो.

मापाचं म्हणाल तर अडीच-तीन हजार शब्दांच्या कथेला सहा पत्रं पुष्कळ झाली. आंतरदेशीय पत्रावर मावेल तेवढंच एकेक पत्र असावं. बंधन जाचक वाटेल, पण भाषणबाजी त्यानेच आटोक्यात राहते. मायना सगळ्या पत्रांत तोच ठेवा. घरच्या उत्तरांची पत्रं शक्यतो छापू नयेत. आणि ‘युद्ध वाईट’ हे वाक्य कुठल्याही पत्रात येऊ देऊ नका, मित्राच्याही नाही.

तुमचा आठवणीतला खर्डा तयार असेल तर तो टाकून द्यायची गरज नाही. त्यातले प्रसंग तारखांप्रमाणे सुटे करा. मग प्रत्येक वाक्याला विचारा, या तारखेला त्याला हे माहीत होतं का? नसेल तर ते पुढच्या पत्रात ढकला. तिथेही बसत नसेल तर काढून टाका.