नऊ महिने, ३१०० किलोमीटर आणि पांदणीच पांदणी: ग्रॅव्हल सायकलचा माझा अनुभव

गणपती उठल्यावर ग्रॅव्हल सायकल घेतली, म्हणजे दिसायला रोड सायकलसारखी, पण रुंद टायरची आणि कच्च्या वाटेवरही चालणारी, आणि आता मृग तोंडावर आला असताना हे लिहितोय. मीटरवर ३१०० किलोमीटर झालेत. त्यातले निम्म्याहून जास्त डांबरावरचेच, हे आधीच कबूल करतो. नागपुरातून कच्च्या रस्त्याला लागायचं तर पहिले पंचवीस-तीस किलोमीटर ट्रकांच्या बाजूबाजूनं काढावेच लागतात.

घेताना डोक्यात चित्र वेगळंच होतं. सातपुडा उशाला, पेंच दोन तासांवर, मेळघाट एका मुक्कामाच्या अंतरावर. म्हणजे सागाच्या रानातून मुरमाच्या वाटेनं दिवसभर सायकल हाकायची, संध्याकाळी कुठल्याशा ढाब्यावर खाट पकडायची. प्रत्यक्षात जंगल मला कडेकडेनंच भेटलं. सायकल खरी चालली ती शेताशेतांतून जाणाऱ्या पांदणींवर. तक्रार नाही. पण कुणी जंगलासाठी म्हणून ही सायकल घेत असेल, तर त्याला हे आधी कळावं.

सायकल अशी: अॅल्युमिनियमची फ्रेम, खाली वळलेलं हँडल, ४० मिमी रुंदीचे टायर, पुढे ४० दात्यांची एकच चेनरिंग (पेडलपाशी असणारी दातेरी चकती), मागे ११ ते ४२ दात्यांच्या चकत्या, केबलवाले डिस्क ब्रेक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीत सगळ्यांचं सामान थोड्याफार फरकानं सारखंच असतं. दुकानात 'ट्यूबलेस रेडी' म्हणून सांगितलं, म्हणजे आत ट्यूब न घालता चालवता येईल अशी. घरी आणून टायर उतरवला तर रिमच्या आतली टेप इतकी अरुंद की स्पोकची भोकं अर्धी उघडी. टेप, व्हॉल्व्ह, सीलंट (काट्याची भोकं आतून बुजवणारं द्रव) सगळं वरून घ्यावं लागलं. तुम्ही घेणार असाल तर दुकानातच टायर उतरवून दाखवायला लावा. लाजू नका.

पहिली खरी शिकवण ऑक्टोबर लागता लागता मिळाली. अमेरिकेत कॅन्ससमध्ये २०० मैलांची एक मोठी ग्रॅव्हल शर्यत असते, २००६ पासून चालू आहे. २०२३ साली तिथं पावसानं असा चिखल झाला की लोक सायकली खांद्यावर घेऊन चालत होते. तो व्हिडिओ पाहून मी पोट धरून हसलो होतो. मग तीच गत माझी झाली. सावनेरजवळच्या खाप्याच्या पुढं, कपाशीच्या मधल्या एका पांदणीत, आदल्या रात्री सर पडून गेलेली. वरून माती चांगली सुकलेली दिसत होती. चाळीस-पन्नास पावलं गेलो असेन, तेवढ्यात काळी माती टायरला धरली. एका फेऱ्यात टायर दुप्पट जाड झाला, दुसऱ्या फेऱ्यात फोर्क (पुढचं चाक धरणारा दुबेळका) आणि टायरमधली फट गच्च भरली आणि चाक फिरायचंच थांबलं. उतरलो तर बुटांची तीच गत, एकेक पाय दोन किलोचा. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. शाळेत भूगोलात वाचलं होतं, खांद्यावर बारा किलोची सायकल आणि तिच्यावर चारेक किलोचा चिखल घेतल्यावर समजलं.

धुऱ्यावर एक काका उभे होते.

"काऊन जी, सायकल कायले खांद्यावर घेतली?"

मी काय सांगणार.

"ह्या पांदणीनं आता आमची बंडी नाही जात, तुमची सायकल कशी जाईन? दसऱ्यानंतर या जी."

मग त्यांनीच कुंपणातली एक वाळकी पऱ्हाटी मोडून दिली, आणि आम्ही दोघांनी मिळून फोर्कमधला चिखल खरवडून काढला. पाऊण तास गेला. तेव्हापासून पाऊस पडून गेल्यावर तीन कडक उन्हं जाईस्तोवर मी काळ्या मातीत चाक घालत नाही. मुरूम टाकलेली पांदण असेल तर दुसऱ्या दिवशीही जमतं. दोन्हींमधला फरक लांबून रंगावरून ओळखू येतो, तेवढी नजर मात्र बसवावी लागते.

आता वाटांबद्दल. माझी सगळ्यात आवडती वाट डोंगराची नाहीच, कालव्याची आहे. पारशिवनीजवळ नवेगाव खैरीचं धरण आहे, नागपूरचं पिण्याचं पाणी येतं तेच. त्याच्या कालव्याच्या कडेनं मुरमाची वाट जाते. सपाट, सरळ, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धान नाहीतर संत्र्याचे बगीचे. डिसेंबरात सकाळी सातला पाण्यावर वाफ असते, बोटं ब्रेकवर आखडतात, आणि टायरखाली मुरमाचा एकसुरी खर्र आवाज. ४० मिमीचे टायर कशासाठी असतात ते तिथं कळतं. साध्या रोड सायकलवर याच वाटेनं मनगटं गेली असती, आणि एमटीबीवर (जाड टायरच्या डोंगरी सायकलवर) मी कंटाळून परत फिरलो असतो.

खाप्याहून कोदेगावकडून खेकरानाल्याला जाणारी वाट जास्त देखणी आहे. कन्हान ओलांडली की जमीन हळूहळू वर चढायला लागते, शेतं विरळ होतात, साग आणि पळस सुरू होतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पळस असा फुललेला असतो की चढ लागलाय हे विसरायला होतं. सुटी गिट्टी मात्र जपून. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं. मी एकदा कोपर सोलून घेतलंय. नाश्ता निघतानाच करून घ्या. पुढं चहा मिळेल, तर्री पोहे मिळतीलच असं नाही.

रामटेक-मनसरकडून पवनीमार्गे (ही देवलापारजवळची पवनी, भंडाऱ्याची नव्हे) पेंचच्या सिल्लारी गेटची वाट मी तीनदा केली, आता मुद्दाम करणार नाही. मनसरपर्यंत हायवे आणि मॅंगनीजची काळपट धूळ, पुढं ट्रक. सिल्लारीच्या फाट्यावरून आत वळलं की सुंदर आहे, पण तोवर जीव मेटाकुटीला येतो. रात्र मुक्काम करणार असाल तरच जा. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं आभाळ काळोखं राखलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, आणि अमावस्येच्या आसपास तिथलं आभाळ खरंच पाहण्यासारखं असतं.

याच भागात मोबाइलच्या नकाशावर मला जंगलातून जाणारी एक सरळसोट रेघ दिसली होती. नकाशात पायवाट म्हणून दाखवलेली. प्रत्यक्षात ती निघाली जाळरेषा. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी वनखातं गवत-पाला काढून जी पट्टी मोकळी ठेवतं, ती. तिच्या तोंडाशीच वनरक्षकानं थांबवलं. "सफारीच्या जिप्सीतल्या माणसालेही आम्ही खाली उतरू देत नाही, अन् तुम्ही सायकलवर?" त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. तेव्हापासून नकाशावर हिरव्यातून जाणारी सरळ रेघ दिसली की मी ती खोडूनच मार्ग आखतो. कोअर (वाघांसाठी राखलेला गाभा) बंद, बफरमध्ये (त्याच्या भोवतालच्या पट्ट्यात) गावाला जाणारा सार्वजनिक रस्ता तेवढा आपला, तोही उजेड असेपर्यंत. मार्च-एप्रिलात तर ऊन चांगलं वर आल्याशिवाय रानाजवळ जायचंच नाही, कारण तेव्हा मोहफुलं पडतात आणि अस्वलं त्यावर येतात. एकदा सकाळी टोपल्या घेऊन निघालेल्या बायांनीच मला थांबवून ठेवलं. त्यांचा आवाज पुढं गेला, मग मी मागून गेलो.

चिखलदरा एकदाच झालं, जानेवारीत. सायकल मित्राच्या गाडीत टाकून परतवाड्याला नेली आणि तिथून धामणगाव गढीवरून चढलो. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर, म्हणजे सातशे मीटरच्या पुढं चढ, तोही दोन पिशव्या लादून. पुढं ४०, मागं ४२ दात्यांचा सगळ्यात हलका गिअर सपाटीवर पुरून उरतो, इथं अपुरा पडला. शेवटचे चार-पाच किलोमीटर गुडघे बोलत होते. परत येऊन ३८ दात्यांची चेनरिंग टाकली. आधीच टाकायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सेमाडोहच्या बाजूला उतरताना डांबर जागोजाग उखडलेलं होतं, आणि तिथं ही सायकल अशी काही वाहिली की चढाचं सगळं वसूल झालं. चिखलदऱ्याची कॉफी घरी आणली, बायकोनं नाक मुरडलं, ती गोष्ट वेगळी.

सामानाचा हिशोब थोडक्यात. मागचा टायर २६०० किलोमीटरला गेला. ब्रेकपॅड दोनदा बदलले, मनसरची धूळ त्यांना खाते. साखळीला मेणाचं वंगण लावायला लागल्यापासून धूळ कमी धरते. सीलंट तीन महिने टिकेल म्हणाले होते; एप्रिलच्या उन्हात गॅलरीत उभ्या सायकलचं दीड महिन्यात सुकलं. टायर उघडला तर आत वाळक्या सायीचे तुकडे. तरीही ट्यूबलेस सोडू नका. एका रविवारी संध्याकाळी चिमट्यानं मागच्या टायरमधून अकरा काटे उपसले, सात सराट्याचे, चार बाभळीचे, आणि दिवसभरात हवा एकदाही भरावी लागली नव्हती. हवा मी ४० पीएसआयच्या आसपास ठेवतो, माझं वजन ७४ किलो.

पुन्हा घेईन का? घेईन, पण टायर ४० ऐवजी ४५ मिमीचा बसेल आणि वर फोर्कमध्ये बोटभर फट उरेल अशी फ्रेम बघून.

सध्या ३८ ची चेनरिंग तशीच आहे, टायर मात्र उतरवून २८ मिमीचे गुळगुळीत चढवलेत. आता अमरावती रोड आणि काटोल रोड, एवढंच. खाप्याच्या त्या पांदणीत दसऱ्यानंतर.