ऑडिओमॉथ: गुहेत न शिरता वटवाघळांची नोंद घ्यायची असेल तर

सह्याद्रीतल्या वटवाघळांच्या नोंदींसाठी मी ऑडिओमॉथ हा रेकॉर्डर वापरते. काडेपेटीहून जरा मोठं सर्किट, तीन पेन्सिल सेल आणि एक मायक्रोएसडी कार्ड, एवढाच पसारा. स्क्रीन नाही. वेळापत्रक लॅपटॉपवरून भरायचं, कळ सरकवायची, झाडाला बांधून निघून यायचं. ठरलेल्या वेळी ते आपोआप सुरू होतं.

आपल्या कानाची मजल फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत. हे यंत्र सेकंदाला आवाजाचे ३,८४,००० नमुने घेऊ शकतं, म्हणजे त्याच्या निम्म्या, १९२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतं. घोड्याच्या नालेसारखं नाक असलेली आपल्याकडची काही वटवाघळं ८० किलोहर्ट्झच्या आसपास एकसुरी साद घालतात. आलेखावर ती सरळ आडवी रेघ उमटली की मला आजही आनंद होतो. पण इतका उंच आवाज दमट हवेत लगेच विरतो. त्यामुळे यंत्र वटवाघळांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच हवं, पानांपासून आणि ओढ्याच्या खळखळाटापासून दूर.

माझ्या लेखी याचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे. बेळगावजवळच्या भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि त्यानंतर कित्येक दशकं जगात त्याचा हा एकच ठावठिकाणा माहीत होता. पुढे मेघालय आणि कंबोडियातूनही नोंदी आल्या. तरी आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ते अजून ‘अपुरी माहिती’ या गटात आहे. माहिती हवी म्हणून टॉर्च घेऊन गुहेत शिरावं, तर विसावलेली वटवाघळं बिथरतात. हा प्राणी शिकार करताना १५ किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतो, तरुण कानांना तो ऐकूही येतो, आणि खालच्या पट्टीतला असल्यामुळे हा आवाज लांबवर पोचतो. वनखात्याची परवानगी घेऊन रेकॉर्डर बाहेर जंगलात लावला, तर गुहेचा उंबराही न ओलांडता नोंद मिळते. एवढ्या एका कारणासाठी मी या यंत्राची शिफारस करीन.

कार्ड मात्र मोठं घ्या. पूर्ण वेगाने तासाला जवळपास पावणेतीन जीबी भरतात, शिवाय त्यात निम्मे रातकिडेच असतात. फायली चाळायला चिकाटी लागते.

आणि सलीम अलींच्या नावाचं फळखाऊ वटवाघूळ शोधायचं असेल, तर हे विकत घेऊ नका. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या डोंगरी जंगलांतली ही संकटग्रस्त जात. १९४८ साली तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात मिळालेला तिचा नमुना मुंबईच्या संग्रहात दुसऱ्याच जातीच्या नावाखाली पडून होता. १९७२ मध्ये थाई प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी तो नव्या जातीचा, इतकंच नव्हे तर नव्या प्रजातीचा (जीनसचा) असल्याचं दाखवलं. ही वटवाघळं डोळ्यांनी आणि नाकाने फळं हुडकतात, कीटकभक्षींसारखे प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधण्याचे आवाज काढत नाहीत. तिथे मिस्ट नेट (बारीक धाग्यांची जाळी), परवाने आणि सरावलेले हातच लागतात.

कीटकभक्षी वटवाघळांसाठी घेणार असाल, तर वॉटरप्रूफ केस सोबतच मागवा. नुसतं सर्किट आपल्या पावसात टिकायचं नाही.